सबस्क्रिप्शन घ्यावं की नको? आधी हिशेब मांडूया

सुट्टी लागली की आपल्यातल्या बऱ्याच जणांना काहीतरी नवीन शिकायची हुक्की येते. कुणाला चित्रं काढायची असतात, कुणाला व्हिडिओ एडिटिंग जमवायचं असतं, कुणाला कथा लिहायची असते. मोबाइलवर असं काही दोन-तीनदा शोधलं की जाहिराती मागेच लागतात. वर्षाची फी एकदा भरा आणि हजारो क्लास हवे तेवढे बघा!

यंदा ही चर्चा आपल्या मंडळातही निघाली. वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत, त्यातून असं एखादं सबस्क्रिप्शन घ्यावं का, असं दोघा-तिघांनी विचारलं आणि 'तू बघून सांग' म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी बघितलं. जे कळलं ते इथे मांडते. मंडळाच्या पैशांबद्दल माझं मतही पुढे सांगते, पण त्याआधी प्रत्येकानं स्वतःच्या खिशाचा विचार कसा करावा ते बघू.

आपण नेमकं काय विकत घेतो?

या साइट साधारण तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार स्किलशेअरसारखा. ही कंपनी २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. सुरुवातीला एकेका क्लासची वेगळी फी असायची. २०१४ पासून त्यांनी सबस्क्रिप्शनची पद्धत धरली. फी भरली की चित्रकला, डिझाइन, फोटोग्राफी, अॅनिमेशन, लेखन अशा सगळ्या विषयांचे क्लास खुले होतात. प्रत्येक क्लास म्हणजे पाच-दहा मिनिटांच्या व्हिडिओंची माळ आणि शेवटी करून बघायचा एक प्रकल्प.

दुसरा प्रकार मास्टरक्लासचा, २०१५ मध्ये सुरू झालेला. इथे शिकवणारी माणसं जगप्रसिद्ध. मार्गारेट अॅटवूड कादंबरीबद्दल बोलतात, बिली कॉलिन्स कवितेबद्दल. ऐकायला फार छान वाटतं. पण तुमची कथा अॅटवूडबाई वाचणार नाहीत, हे ध्यानात ठेवायचं.

तिसरा प्रकार म्हणजे एकच कोर्स विकत घेणं. युडेमी किंवा स्पेनमधून आलेली डोमेस्टिका यांच्याकडे ही सोय आहे. जेवढं हवं तेवढंच घ्या, पैसे एकदाच द्या.

पहिल्या दोन प्रकारांत आपण कोर्स विकत घेत नाही, तो बघायची परवानगी घेतो. वाचनालयाची वर्गणी जशी. वर्गणी चालू आहे तोवर पुस्तक घरी, ती बंद झाली की पुस्तक परत. सबस्क्रिप्शन संपलं की अर्धवट राहिलेला क्लासही बंद होतो. म्हणून 'हजारो क्लास' या आकड्यानं भुलून जाण्यात अर्थ नाही. आपल्या गावातल्या वाचनालयातही हजारो पुस्तकं आहेत की. वर्षभरात आपण वाचतो किती, हा खरा आकडा.

वर्षाची फी आणि हातात आलेलं काम

समजा एका सबस्क्रिप्शनची वर्षाची फी ३,६०० रुपये आहे. (हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे, खऱ्या किमती सारख्या बदलतात.) जाहिरातीत हे 'महिन्याला फक्त ३०० रुपये' असं लिहितील, पण पैसे बहुतेक वेळा वर्षाचे एकदम कापले जातात. मी दोन मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते, त्याचे महिन्याला १,२०० रुपये मिळतात. म्हणजे ही फी माझी तीन महिन्यांची कमाई झाली.

आता भागाकार करू. वर्षात बारा क्लास पूर्ण केले तर एक क्लास ३०० रुपयांना पडला. स्वस्त! तीन पूर्ण केले तर १,२०० रुपयांना. एकच केला तर ३,६०० रुपयांना. तेवढ्यात तो एक कोर्स युडेमीवर घेऊन शिवाय पुस्तकं आली असती.

आपण किती पूर्ण करू, याचा अंदाज बांधताना माणूस स्वतःवर फार खूश असतो. याचा एक गाजलेला पुरावा अमेरिकेतल्या व्यायामशाळांचा आहे. डेलाविन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन जिमच्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये तो अभ्यास छापला. महिन्याला ७० डॉलरच्या वर फी भरणारी माणसं महिन्यात सरासरी चारदाच जिमला येत होती. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होते. खेपेप्रमाणे पैसे देण्याचा पास घेतला असता तर तेच दहा डॉलरमध्ये झालं असतं. फी भरताना प्रत्येकाला वाटत होतं, मी तर रोज येणार.

ऑनलाइन शिक्षणाची गोष्टही वेगळी नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरच्या मोफत कोर्सांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ मध्ये आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी कोर्स पूर्ण केला. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ४६ होतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग झालं की, पैसे भरले की माणूस शिकतो! मला तसं वाटत नाही. ज्यांनी शिकायचं आधीच पक्कं केलं होतं, तेच पैसे भरायला गेले असणार. आणि दुसरी गोष्ट, त्यांनी एका ठरावीक कोर्सासाठी पैसे भरले होते. सबस्क्रिप्शनमध्ये आपण कुठल्याच एका क्लाससाठी पैसे भरत नाही. त्यामुळे आज वॉटरकलर, उद्या लोगो डिझाइन, परवा पॉडकास्ट असं हिंडत राहणं सोपं होतं. शिवाय स्किलशेअरवर शिक्षकांना मानधन मिळतं ते त्यांचे व्हिडिओ किती मिनिटं बघितले गेले यावरून. तुम्ही किती चित्रं काढलीत याची नोंद त्या हिशेबात कुठेच होत नाही. ती आपली आपणच ठेवायची.

काय शिकता येतं आणि काय नाही

इथे मला सगळ्यात जास्त फरक जाणवला.

हातानं करायच्या आणि पायऱ्यापायऱ्यांनी शिकायच्या गोष्टी व्हिडिओवरून चांगल्या शिकता येतात. आमच्या चर्चच्या युवा गटानं नाताळला बसवलेल्या नाटिकेचा व्हिडिओ एडिट करायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मी एका साइटची मोफत चाचणी घेतली आणि त्या आठवड्यात फक्त एडिटिंगचा एक क्लास पूर्ण केला. बटण कुठे आहे, आवाज कसा साफ करायचा, दोन दृश्यं कशी जोडायची हे सगळं नीट क्रमानं कळलं. इंग्रजी समजत असलं की पुरे. बहुतेक क्लास इंग्रजीतच आहेत. याच गोष्टी यूट्यूबवर फुकट आहेत, पण तिथे पहिला धडा एकाचा, तिसरा दुसऱ्याचा, आणि मधला आपण शोधत बसायचा. सबस्क्रिप्शनमध्ये आपण पैसे देतो ते मुख्यतः या नीट लावलेल्या क्रमाचे. ज्याला वेळ कमी आणि काम तोंडावर आहे, त्याला हा क्रम खरंच उपयोगी पडतो.

अक्षरांच्या बाबतीत मात्र गाडी अडते. या ई-मासिकाचं मुखपृष्ठ करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. इंग्रजी टायपोग्राफीचे क्लास रोमन अक्षरांचे नियम शिकवतात. आपल्या अक्षरांना शिरोरेखा आहे, तिच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. दोन ओळींत किती जागा सोडायची हे गणितच निराळं. त्यासाठी मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले मुक्ता आणि बलू हे फुकट मिळणारे फॉन्ट डाउनलोड करून त्यांची अक्षरं मोठी करून निरखली, तर एका दुपारीही बरंच काही कळतं.

आणि लेखन? माझा विषय साहित्य, म्हणून मी लेखनाचे क्लास जास्त बारकाईनं बघितले. कथेचा आराखडा, पात्राची इच्छा आणि अडचण, रोज ठरलेल्या वेळी लिहिणं, या गोष्टी ते चांगल्या सांगतात. पण संवाद कसे लिहावेत हा धडा आला की मला आपलं बेळगाव आठवतं. इथला माणूस एका वाक्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी सहज फिरवतो. ते कागदावर कसं उतरवायचं, किती ठेवायचं, किती गाळायचं, हे परदेशातला शिक्षक कुठून सांगणार? त्याचा धडा प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांमध्ये आहे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तकं म्हणजे आपल्याच भागातल्या बोलीचा वर्ग. वाचनालयाच्या वर्गणीत तो मिळून जातो.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. लिहिणारा सुधारतो तो कुणीतरी त्याचं लिखाण वाचून 'इथे मी अडकलो' असं सांगितल्यावर. सबस्क्रिप्शनच्या क्लासमध्ये तुम्ही आपलं काम साइटवर लावू शकता, शिक्षक ते बघतीलच याची हमी नसते. आणि मराठी कविता लावली तर ती वाचणार कोण? आपल्या सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत थंडीच्या दिवसांत साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या कविसंमेलनात मांडवातली माणसं कुठे गप्प झाली आणि कुठे चुळबुळ करायला लागली, हे बघितलं की आपल्या कवितेची कुठली ओळ सैल आहे ते समजतं. तिकीट काढावं लागत नाही, बसभाडं तेवढं लागतं.

फुकट काय आहे?

पैसे भरायच्या आधी फुकटचा माल बघून घ्यावा, यात लाजायचं काही नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी येल विद्यापीठाचे 'ओपन येल कोर्सेस' आहेत. आधुनिक कवितेवरचा लँग्डन हॅमर यांचा आणि १९४५ नंतरच्या अमेरिकन कादंबरीवरचा एमी हंगरफर्ड यांचा, असे दोन पूर्ण कोर्स तिथे व्हिडिओ आणि लिखित उताऱ्यांसह आहेत. वर्गातलीच व्याख्यानं, एक पैसाही न देता. एमआयटीच्या 'ओपनकोर्सवेअर'वर लेखनाच्या कोर्सांचं साहित्य आणि गृहपाठ मिळतात.

आपल्या सरकारचं 'स्वयम्' ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. शिकायला फी नाही, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तर तेवढी फी. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून करून त्यांचे क्रेडिट घेता येतात, अर्थात विद्यापीठानं तो कोर्स मान्य केला तर. स्किलशेअर किंवा मास्टरक्लासच्या क्लासला असे क्रेडिट नाहीत. अर्जावर दाखवायला कागद हवा असेल तर हे आधीच तपासा. डिझाइन किंवा एडिटिंगच्या कामासाठी जाणार असाल तर मात्र कागदापेक्षा तुम्ही केलेलं काम बघितलं जातं.

व्हिडिओ एडिटिंगसाठी 'दाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती आहे आणि ती शिकवणारी पुस्तकं कंपनी स्वतःच फुकट देते.

पैसे भरताना डोळे उघडे ठेवा

आपल्यातले बरेच जण इथे घाई करतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

मोफत चाचणी म्हणजे बहुधा कार्ड किंवा यूपीआय आधी जोडायचं आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापले जाणार. रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेला नियम आहे: कार्डावरून असे ठरावीक मुदतीनं पैसे कापायचे असतील तर पहिल्या वेळी ओटीपीसारखी जादा खातरजमा हवी आणि पुढे प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला संदेश गेला पाहिजे. त्या संदेशातून नकार द्यायची सोयही असते. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी मागितला जात नाही. म्हणजे तो संदेश जाहिरातींच्या गर्दीत वाचायचा राहिला तर पैसे गेले. चाचणी सुरू केली त्याच दिवशी मोबाइलमध्ये शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा गजर लावा.

यूपीआयवरून ऑटोपे केलं असेल तर अॅपमध्येच 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या ठिकाणी जाऊन ते रद्द करता येतं. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथे जाऊन रद्द करा. नुसतं अॅप मोबाइलमधून काढून टाकल्यानं सबस्क्रिप्शन बंद होत नाही.

किंमत डॉलरमध्ये असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचा परकीय चलनाचा आकार चढू शकतो. शेवटच्या पानावरचा आकडा बघूनच बटण दाबा.

आणि कुणी रद्द करायचं बटणच लपवून ठेवलं असेल, किंवा 'फक्त दहा मिनिटं उरली' असं रोजच सांगत असेल, तर त्याला कायद्याच्या भाषेत नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या पद्धतींची यादी काढून त्यांना मनाई केली. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आणि खोटी घाई या दोन्ही तिच्यात आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

मंडळाच्या पैशांचं काय?

आता मंडळाच्या प्रश्नाकडे येते. एक खातं घेऊन सगळ्यांनी वापरायचं, ही सूचना मला पटत नाही. व्यक्तिगत खातं एकाच माणसासाठी असतं. गटांसाठी वेगळी योजना असते. पासवर्ड वाटून घेणं हे आपल्या मंडळाच्या नावानं करायचं काम नव्हे. शिवाय मंडळ मराठी साहित्याचं आहे आणि लेखनाच्या बाबतीत या साइट आपल्याला सगळ्यात कमी देतात, ते वर सांगितलंच.

त्याऐवजी माझी सूचना अशी. मुखपृष्ठ आणि मांडणी बघणाऱ्या दोघांसाठी डिझाइनचा एक कोर्स मंडळानं एकदाच विकत घ्यावा आणि त्यांनी पुढच्या अंकाची मांडणी त्यातून करून दाखवावी. उरलेल्या पैशांतून लंपनच्या चारही पुस्तकांचा एक संच मंडळाच्या कपाटात यावा. आणि महिन्यातून एका शनिवारी, तास संपल्यावर, पाच जणांनी आपलं लिखाण आणावं, बाकीच्यांनी ते पेन्सिल घेऊन वाचावं. याला चहाचा खर्च येईल, तो आपण आपापला करू. बैठकीत कुणाला याहून चांगलं सुचलं तर जरूर सांगा, माझा हट्ट नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या खिशाचं?

ते तुम्हीच ठरवायचं. पण बटण दाबण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहून बघा.

पहिली, तीस दिवसांनी माझ्या हातात कुठलं काम असेल? 'चित्रकला शिकेन' असं लिहू नका. 'आजीच्या घराची चार चित्रं' असं लिहा.

दुसरी, आठवड्यातले कुठले दोन दिवस, किती ते किती? परीक्षेचे आठवडे त्यातून आधीच वजा करा.

तिसरी, झालेलं काम कोण बघणार? एका माणसाचं नाव लिहा आणि त्याला आत्ताच विचारून ठेवा.

तिन्ही ओळी भरता आल्या आणि फुकटच्या साधनांत तो क्रम सापडला नाही, तर खुशाल पैसे भरा. त्यातही महिन्याची किंवा एका कोर्साची सोय असेल तर ती आधी घ्या. आणि कागदावरची पहिली ओळच भरता येत नसेल, तर अजून थोडे दिवस थांबा. साइट कुठे पळून जात नाही आणि सवलतीची जाहिरात पुढच्या आठवड्यात पुन्हा येतेच.